कंपनीचं कॅबिनेट

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नव्हती. बाबांना ऐकू येत नसे, आणि घर ज्या माणसाभोवती फिरतं त्यालाच ऐकू येत नसलं की बाकीचेही आपसूक मोठ्यानं बोलू लागतात. मीठ पुढं सरकवायलासुद्धा आम्ही एकमेकांना ओरडून सांगत असू. नालवाडीत आमच्या घरापुढच्या अंगणात बाबांनी टिनाची शेड टाकली होती. सकाळचा चहा झाला की तिथं पत्र्यावर हातोडी पडायला लागायची, ती दुपारच्या जेवणापर्यंत. त्या आवाजावर आपला आवाज चढवून आई भाजीवालीशी घासाघीस करी, मी पाठांतर करी, मिलिंददादा रेडिओ लावी. शेजारच्या काकूंना माझ्या परीक्षेचे मार्क माझ्याआधी कळत, कारण मी ते बाबांना सांगितले की कुंपणापलीकडं पोचलेलेच असत. आमच्या घरात गुपित म्हणून काही नव्हतं. हे मी गमतीनं सांगते आहे, पण पुढं जे सांगायचं आहे त्यासाठीही ते लक्षात राहिलेलं बरं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबांना तपासून सांगितलं होतं की पंचवीस-तीस वर्षं कानाशी पत्रा ठोकला तर कान जाणारच, आणि जाताना बारीक आवाज आधी जातात. आईचा आवाज बारीक. लग्न झाल्यापासून ज्या आवाजानं त्यांना हाक मारली तोच त्यांना सगळ्यात आधी ऐकू येईनासा झाला. दादाचा आवाजही पातळ, जरा नाकातला. माझा मात्र मुलीच्या मानानं घोगरा. शाळेत प्रार्थना म्हणणाऱ्या मुलींतून मला त्यापायीच बाजूला काढलं होतं, आणि मी रडत घरी आले होते. घरात मात्र तोच आवाज कामी आला. बाबांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मी बोलले की त्यांना शब्द न् शब्द कळे. त्यामुळे कोणी काहीही बोललं की बाबा त्याच्या तोंडाकडं बघत आणि मग वळून माझ्याकडं बघून विचारत, “काय म्हणते?” बोलणारा पुरुष असला तरी आमच्याकडं ‘म्हणते’च. दहा-अकरा वर्षांची असल्यापासून मी हे काम करत आले. कानात घालायचं एक यंत्र दवाखान्यातून मिळालं होतं, ते चार दिवस वापरून त्यांनी पाकिटात घालून ठेवलं. त्यातून माणसाचं बोलणंही पत्रा वाजल्यासारखं वाजतं, असं ते म्हणाले.

बाबा लोखंडी पेट्या करत. लग्नात मुलीला द्यायची फुलाफुलांची पेटी, वसतिगृहात जाणाऱ्या मुलाची कुलपाची पेटी, गहू-तूर ठेवायच्या कोठ्या. आणि होळी झाली की कूलर. आमच्याकडचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला कूलर काय चीज आहे हे सांगावं लागत नाही. मोटर, पंखा आणि पंप गिऱ्हाईक आणी, त्याभोवतीचा पत्र्याचा सांगाडा बाबा करून देत. हवा कुठून शिरली पाहिजे, कुठून निघाली पाहिजे, जाळीच्या पट्ट्या किती तिरप्या असाव्यात, हे त्यांच्या हातात होतं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण मापात चूक नाही. इंचाचे आठ भाग करायचे, त्या एका भागाला सूत म्हणायचं, आणि सुताचाही अर्धा त्यांना नुसत्या डोळ्यानं दिसे. दुपारी ते हात धुऊन जेवायला बसले तरी बोटांना गंजाचा आणि रंगाचा वास येत असे. आईच्या जवसाच्या चटणीच्या वासात तो मिसळलेला असायचा. आजही मी जवस भाजायला घेतलं की मला नुसता जवसाचा वास पुरत नाही, काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं.

मी कॉलेजात जाऊ लागले तोवर हा धंदा बसत चालला होता. पेट्यांच्या जागी चाकांच्या बॅगा आल्या, कोठ्यांच्या जागी प्लास्टिकचे ड्रम, आणि कूलरही फायबरचे मिळू लागले. बाबा याबद्दल काही बोलत नसत. हातोडीचा आवाज मात्र अकरालाच थांबू लागला, आणि मग ते शेडमध्ये खाटेवर बसून रस्त्याकडं पाहत.

याच सुमारास मिलिंददादानं नागपूरहून कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स करून बोरगाव मेघेत एका शटरचं दुकान घेतलं. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर घ्यायची हवा होती. कंपनीचा तयार कॉम्प्युटर मास्तर-कारकुनांना परवडत नसे. मग दादासारखी मुलं नागपूरहून एकेक भाग आणून, जुळवून, स्वस्तात कॉम्प्युटर करून देत. मी कॉलेज सुटलं की दुकानात जाऊन बसे, पावत्या लिही. मॉनिटरशेजारी जो उभा डबा असतो त्याला कॅबिनेट म्हणतात, आणि कॉम्प्युटरचा सगळा जीव त्यातच असतो, मॉनिटर नुसता चेहरा, हे दादा गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा समजावून सांगे. गिऱ्हाईक मान डोलावी आणि मॉनिटर किती मोठा मिळेल ते विचारी.

मग कॅबिनेट महाग होऊ लागलं. आतले बाकीचे भाग वर्षागणिक स्वस्त होत होते, कालची मेमरी आज निम्म्यात मिळे, आणि हा नुसता पत्र्याचा डबा मात्र दर खेपेला चढ्या भावात. नागपूरचे व्यापारी सांगत, लोखंड वाढलं, दिल्लीहून यायचं भाडं वाढलं. ज्या पैशात दोन यायची त्यात एक येऊ लागलं. दादा वैतागून म्हणे, ज्याच्यात डोकं हाय ते सस्तं, अन् डबा महाग. गिऱ्हाइकाला तर हे पटवणं अशक्यच होतं. डब्यासाठी कोण जास्त पैसे देणार?

दादानं नाना उपाय केले. नागपूरच्या भंगार बाजारातून जुनी कॅबिनेटं आणली, घासून रंगवली. कोणाचं बटण आत गेलेलं, कोणाचा खिळा बसत नसे, आणि रंगाखालून जुना पिवळा रंग दिसत राही. एका सुताराकडून प्लायवूडची करून घेतली. ती दिसायला देखणी होती. पण उन्हाळ्यात आतला पंखा नुसती गरम हवा घुसळत बसे आणि मशीन भर दुपारी बंद पडे. त्यातल्या एकात तर उंदरानं घर केलं, आणि ते गिऱ्हाईक पूर्ण कॉम्प्युटर दुकानात आणून ठेवून गेलं. एकदोघांना त्यानं सगळं उघडंच, लाकडी फळीवर बसवून दिलं. काही दिवस असा एक उघडा कॉम्प्युटर आमच्या घरीही होता, आणि आई त्याच्याजवळून जाताना पदर आवळून घेई.

एका रविवारी दादा एक नवं, रिकामं कॅबिनेट घरी घेऊन आला. आत हात घालताना त्याचं बोट कापलं होतं. ही कारखान्यातली कॅबिनेटं आतून बोथट केलेली नसत, पत्र्याची धार तशीच. आई त्याच्या बोटाला हळद लावत होती आणि बाबांनी ते कॅबिनेट मांडीवर घेतलं. उलटंपालटं करून पाहिलं. झाकण काढलं, आतून बोट फिरवलं, टिचकी मारली. टिचकीचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, पण पत्रा किती जाड आहे ते बोटाला कळत होतं. मग त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं की याचे किती घेतात. मी कानात सांगितलं. ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

“डबाच तर हाय,” ते म्हणाले. “अन् तोही आळसानं केलेला.”

दादाला ते पटलं नाही. आतला बोर्ड ज्यावर बसतो ते पितळी खांब नेमक्या जागी यायला हवेत, मागच्या खाचा जराही इकडंतिकडं झाल्या तर काहीच बसणार नाही, असं तो म्हणत राहिला, आणि मी ते बाबांच्या कानात पोचवत राहिले. बाबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते कॅबिनेट समोर ठेवून, फूटपट्टीनं मापं घेऊन, जुन्या कॅलेंडरच्या मागं त्यांनी आकृती काढली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅबिनेट तयार होतं. दादानं बोर्ड आत ठेवला. नऊही भोकं खांबांवर बसली. त्यानं स्क्रू पिळायच्या आधी हात मागं घेऊन नुसतं पाहिलं, आणि मग बाबांच्या पाठीवर थाप मारली. आमच्या घरी मुलगा बापाच्या पाठीवर थाप मारत नसतो. बाबा चपापले, आणि मग त्यांचे कान लाल झाले.

त्या कॅबिनेटला सगळ्या कडा मुडपून बोथट केलेल्या होत्या. आत हात कसाही घाला, कापायचा नाही. आणि बाजूच्या झाकणावर बाबांनी कूलरसारख्या तिरप्या पट्ट्यांची जाळी काढली होती. त्या उन्हाळ्यात बोरगावातले बाकीचे कॉम्प्युटर दुपारी धापा टाकत असताना दादाचे चालू राहत. पुढचं प्लास्टिकचं तोंड, म्हणजे बटणं आणि दिवे असलेली पट्टी, तेवढी दादा नागपूरहून सुटी आणी, आत बसायचा विजेचा डबाही आणी. ती पट्टी लावून करडा रंग मारला की हे कॅबिनेट कारखान्यात झालेलं नाही, असं सांगूनही कोणाला खरं वाटलं नसतं. कोणी विचारतही नसे. दादाही सांगत नसे.

ते सहा-सात महिने आमच्या घरातले सगळ्यात चांगले होते. हातोडी पुन्हा दुपारपर्यंत चालू लागली. दादा दुकान उघडायच्या आधी शेडमध्ये येई, दोघं शेजारी बसून खाचा कापत. दादाचं बाबांना ऐकू येत नसे, पण बोलायची गरजही पडत नसे. एकानं हात पुढं केला की दुसरा पाहिजे ते हत्यार त्यावर ठेवी. आई थाळीत भाकरी आणि अंबाडीची भाजी तिथंच नेऊन देई. मी कॉलेजला जाताना पाहिलं की दोघांचीही डोकी त्या डब्यात घातलेली असत.

मग शाळेचं काम आलं. आंजीच्या पुढं एका गावात एका संस्थेची शाळा होती, तिला कॉम्प्युटरची खोली करायची होती, दहा मशीन. दादानं आयुष्यात एवढं मोठं काम पाहिलं नव्हतं. त्यानं भाव आधीच लिहून दिला होता आणि मंजुरी येईपर्यंत कॅबिनेटं आणखी महागली. बाबांची नसती तर त्या भावात दहा मशीन देणं त्याला जमलंच नसतं. पण शाळेला दिलेल्या कागदावर त्यानं कॅबिनेट कंपनीचं असेल असं लिहिलं होतं. हे मला माहीत होतं, कारण तो कागद मीच माझ्या अक्षरात लिहिला होता. लिहिताना माझ्या मनात काही आलं नव्हतं, हे मी इथं कबूल करते.

बाबांनी त्या दहा कॅबिनेटांना पंधरा दिवस दिले. उद्घाटनाला चला, असं दादानंच त्यांना म्हटलं. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्याला बापाची लाज वाटत असती तर तो त्यांना घेऊन गेलाच नसता. बाबांनी पांढरा शर्ट घातला, विहारात जाताना घालत तो. आम्ही टेम्पोतून गेलो. शाळेनं दारात रांगोळी काढली होती, दहा टेबलांवर दहा मशीन मांडलेली, त्यांना झेंडूचे हार. संस्थेचे अध्यक्ष म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. चांगले होते, चिकित्सक होते. त्यांनी एका कॅबिनेटवर हात ठेवला, जरा हलवून पाहिलं, आणि म्हणाले की हे त्यांच्या कार्यालयातल्यापेक्षा दणकट दिसतात, कुठले आहेत?

“नागपूरहून मागवले सर,” दादा म्हणाला. “कंपनीचे आहेत.”

बाबा माझ्याशेजारी उभे होते. त्यांना ऐकू काहीच आलं नव्हतं, पण अध्यक्षांचा हात कॅबिनेटवर आहे आणि चेहऱ्यावर कौतुक आहे हे त्यांना दिसलं. त्यांना वाटलं, दादानं सांगितलं. ते एक पाऊल पुढं झाले, हात जोडले, आणि बहिऱ्या माणसाच्या त्या चढ्या आवाजात, सगळी खोली वळून बघेल असं, म्हणाले, “कोर मुडपली हाय साहेब. पोराईचा हात कापत नाई.”

अध्यक्षांनी दादाकडं पाहिलं. दादाच्या हातात तो कागद होता. मला त्याचा चेहरा अजून दिसतो. तो चेहरा वाईट माणसाचा नव्हता, घाबरलेल्या माणसाचा होता. तो हसला आणि म्हणाला, “बाबांना ऐकू येत नाही सर. त्यांचा पेट्यांचा धंदा आहे. ते पेटीचं सांगून राहिले.”

सगळे हसले. वाईटपणानं नाही, म्हाताऱ्या माणसाच्या गोंधळावर हसतात तसं. बाबाही थोडंसं हसले, सगळे हसताहेत म्हणून. मग त्यांनी दादाकडं पाहिलं आणि हसायचे थांबले. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं नाही. तिथं नाही विचारलं.

परतताना रिकाम्या टेम्पोत मागं मी आणि बाबा बसलो होतो, दादा पुढं ड्रायव्हरजवळ. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती. बराच रस्ता गेल्यावर बाबांनी विचारलं, “मिलिंद काय म्हणे त्याहिले?”

मी सतरा-अठरा वर्षांची होते आणि माझा संताप पोटात मावत नव्हता. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि शब्द न् शब्द सांगितला. नागपूरचे हायेत म्हणे. कंपनीचे. अन् तुमी पेटीचं सांगून राह्यले म्हणे. टेम्पोच्या आवाजावर आवाज चढवून सांगितला, दादाला पुढं ऐकू जावा म्हणूनही सांगितला. पुढच्या काचेतून मला त्याची मान दिसत होती. ती वळली नाही.

बाबांनी तोंड कपाशीकडं वळवलं. मग म्हणाले, “बरोबर म्हणे. कंपनीचंच पाह्यजे होतं त्याहिले.”

आज माझं वय पन्नाशीला आलं आहे आणि त्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तेव्हा मला वाटलं होतं की ते दादाला माफ करताहेत. आता वाटतं, ते मला गप्प करत होते. मला पुढं आणखी काही बोलू द्यायचं नव्हतं त्यांना.

त्यानंतर त्यांनी कॅबिनेट केलं नाही. भांडले नाहीत, दादाशी अबोला धरला नाही. दादाला सहा कॅबिनेटांची गरज होती, त्यानं माझ्यामार्फत विचारलं, तर ते म्हणाले, आता सूत दिसत नाही, डोळे कमी झाले. त्याच दुपारी त्यांनी शेजारच्यांच्या कूलरच्या जाळीच्या पट्ट्या कापल्या, एकही मागंपुढं नाही. दादानं ते पाहिलं. तो पुन्हा नागपूरची कॅबिनेटं आणू लागला, ती आणखी महाग झाली होती. भाव वाढवले की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाई, न वाढवले की हाती काही राहत नसे. त्याच्यासारखी आणखी तीन दुकानं तोवर बोरगावात निघाली होती. दोन महिन्यांत त्याच्या दुकानाचं शटर सकाळी उशिरा उघडू लागलं. मी तिथं जाणं बंद केलं होतं. आई मला म्हणे, तू काऊन जात नाई? मी अभ्यासाचं कारण सांगे.

थंडीचे दिवस आले. एका रविवारी दुपारी आईनं गोळाभात केला होता. फोडणीच्या तेलाचा वास अंगणभर होता. मी शेडजवळ खाटेवर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. बाबा एका जुन्या पेटीची कडी बसवत होते. दादा घरातून आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. मग म्हणाला, “बाबा, माझं चुकलं. त्या दिवशी तुमचं नाव सांगायले पाह्यजे होतं मी.”

तो पातळ आवाज. बाबांना ओठ हललेले तेवढे दिसले. पण काहीतरी आहे हे त्यांना त्याच्या चेहऱ्यावरून कळलं असलं पाहिजे, कारण त्यांनी हातोडी खाली ठेवली. आणि माझ्याकडं वळून विचारलं, “काय म्हणते?”

मी उठले. मांडीवरच्या शेंगा खाली पडल्या. त्यांच्या उजव्या कानाशी जाईपर्यंत मला वाटत होतं की मी सांगणार आहे. पण तोंड उघडताना मला ती खोली आठवली, ते हसणारे लोक आठवले, आणि मनात आलं की एवढ्या स्वस्तात नाही. अजून थोडं भोगू दे याला. उद्या सांगू. मी म्हणाले, “जेवाले चला म्हणते.”

बाबांनी दादाकडं पाहिलं. “तुमी घ्या,” ते म्हणाले. “मी येतो मांगून.” आणि हातोडी उचलली.

दादा माझ्याकडं बघत होता. मी ओरडूनच बोलले होते, आमच्या घरात दुसऱ्या कुठल्या रीतीनं बोलता येत नव्हतं. मी काय सांगितलं ते त्यानं ऐकलं होतं. मी त्याच्या नजरेला नजर दिली, कर काय करायचं ते, अशी. त्याला पुन्हा म्हणता आलं असतं. बाबांच्या कानाशी वाकून स्वतः ओरडता आलं असतं, त्या पेटीच्या पत्र्यावर खडूनं लिहिता आलं असतं, पायाला हात लावता आला असता. तो आत गेला. आईनं त्याच्या भातावर तेल घातलं, तो मुकाट जेवला, आणि दुकानात गेला.

उद्या सांगू म्हटलं होतं, ते मी सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी दादानं दुकान बंद केलं आणि पुण्याला एका कंपनीत नोकरीला गेला. जाताना बाबांनी त्याला स्वतः केलेली एक छोटी पेटी दिली, कुलपासकट. त्यानं ती घेतली. बॅगा मिळत असताना पेटी कशाला, असं तो म्हणाला नाही.

घरी फोनची जोडणी आली तेव्हापासून दर रविवारी सकाळी दादा फोन करू लागला. आई आधी बोले, मग मी. बाबा शेजारी उभे राहत आणि माझ्या तोंडाकडं बघत. “काय म्हणते?” दादा पगाराचं सांगे, खोलीचं सांगे, पावसाचं सांगे. मी रिसीव्हर हातात धरूनच बाबांच्या कानात ते सांगे. आणि हळूहळू, कधीपासून ते मला नेमकं आठवत नाही, मी त्यात माझ्या पदरचं घालू लागले. तुमची आठवण येते म्हणते. तब्येतीले जपा म्हणते. तिथं तुमच्या हातचं काम पाहून लोक विचारतात म्हणते. दादानं यातलं काही म्हटलेलं नसे. त्याच्या स्वभावात नव्हतं. बाबा मान डोलावत, कधी म्हणत, बरं बरं, अन् शेडकडं जात. किती रविवार गेले. त्यातल्या कुठल्याही रविवारी मला खरं सांगता आलं असतं. पण इतक्या दिवसांनी सांगायचं तर आधी हेही सांगावं लागलं असतं की त्या दिवशी मी खोटं बोलले होते, आणि बाबांचा माझ्या आवाजावर जेवढा विश्वास होता तेवढा जगात दुसऱ्या कशावर नव्हता. न म्हटलेलं कितीतरी मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. म्हटलेलं एक तेवढं राहिलं.

बाबा अचानक गेले, उन्हाळ्यात, शेडमधल्या खाटेवर. सकाळी पाणी मागितलं, आणि आई तांब्या घेऊन येईपर्यंत काही उरलं नव्हतं. माझं तोवर लग्न झालं होतं. दादा पुण्याहून पोचला तेव्हा आम्ही त्याच्यासाठी थांबून होतो. तो रडला नाही, सगळं नीट केलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं बरीच आली, कोणाकोणाच्या घरी बाबांच्या पेट्या होत्या ते सांगत होती. दुपारी सगळे गेल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि आम्ही दोघंही सवयीनं मोठ्यानं बोलत होतो.

मी त्याला त्या रविवारचं सांगितलं. म्हणाले, तू जे म्हटलंतं ते मी बाबाले सांगतलंच नाई. कधीच नाई.

“मले माहीत हाय,” तो म्हणाला. “मी तिथंच होतो ना.”

मी विचारलं, मग तू पुन्हा काऊन नाई म्हटलं?

तो ओट्याच्या फरशीवर बोटानं काहीतरी ओढत राहिला. म्हणाला, एकदा म्हणायले किती दिवस लागलते मले. अन् तू ते बदललं तेव्हा, खरं सांगू, मले सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, मी तर म्हटलं, आता तिच्यावर गेलं. दुसऱ्या दिवसापासून मंग बाबाच्या तोंडाकडं पाहवेना.

मला वाटत होतं तो माझ्यावर रागावेल, आणि ते सोपं गेलं असतं. पण तो म्हणाला, “फोनवर तू बाबाले काय सांगत जाय तेही मले ऐकू ये.”

रिसीव्हर माझ्या हातात असे, आणि मी ओरडत असे. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हणाले, मंग तू कधी टोकलं नाई. तू तर तसं काई म्हटलं नसे.

“म्हटलं नसे,” तो म्हणाला. “पण खोटं कुठं होतं ते.”

आमचे चढलेले आवाज एकदम थांबले म्हणून असेल, आई आतून तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, “काय म्हणून राह्यले रे तुमी दोघं?”

काही नाही, असं आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.